हळू घेतलेलं नाव

दूवगोड गावात यसवती टीचरची ओळख आधी कानांना होते, डोळ्यांना मागाहून. खाडीच्या पल्याड गळ टाकून बसलेल्या माणसाला ती अल्याडून विचारते, "काय रे सिरिपाल, जेवलास का?" आणि सिरिपाल दोन्ही हात जोडून तिला गप्प राहायला विनवतो, कारण लागत आलेला मासा तेवढ्यात पळालेला असतो. गालेची बस फाट्यावर न थांबता निघाली आणि टीचरने विहाराच्या फाटकातून नुसतं "अरे!" केलं, तर ड्रायव्हर कचकन ब्रेक दाबतो. त्याला वाटतं, कुणीतरी चाकाखाली आलं. विहारातले थोरले हामुदुरुवो म्हणजे मुलखाचे शांत भिक्खू, पण तेही एकदा म्हणाले होते, "यसवती, फुलं वाहताना थोडं हळू म्हटलंस तरी पोचेल हो."

आणि ही बाई जन्मभर गावच्या चार-चार वर्षांच्या पोरांना शांत बसायला शिकवते आहे. ऐकणाऱ्याला ही थट्टाच वाटते. प्रत्यक्ष पाहायला गेलेला माणूस मात्र दारातच उभा राहतो आणि आत यायचं विसरतो.

विहाराच्या आवारात, प्रवचनाच्या मंडपाला लागून एक लांबोडकी खोली आहे. तीच आमची मॉन्टिसोरी. आमच्याकडे बालवाडी म्हटली की मॉन्टिसोरीच, आत काही का शिकवेनात. पोरं घरून आईबापाच्या पाया पडून निघतात, इथे येऊन टीचरच्या पाया पडतात, हिरव्या पाल्याची पेज पितात, पिण्यापेक्षा जास्त सांडतात, आणि मग जो काय गोंधळ सुरू होतो त्यापुढे मासळीबाजार परवडला. टीचरचा आवाज त्या गोंधळाच्याही वर असतो. "अरे दिनेथ, तो कान तिचा आहे, तुझा नव्हे, सोड!"

मग कधीतरी टीचर बोलायची थांबते. भिंतीशी जाते आणि खिळ्याला लावलेली छोटी पाटी उलटी करते. पाटीच्या मागच्या बाजूला कमळाची मिटलेली कळी काढलेली आहे, तीही धड नाही, कांद्यासारखी दिसते. ती कळी ज्याला दिसली, तो खाली बसतो. तो बसला म्हणून शेजारची बसते. कुणी "गप्प" म्हणत नाही, कुणी डोळे वटारत नाही. आधी पाय थांबतात, मग हात, मग सगळ्यांत चुळबुळी ती बोटं. शेवटी पाठी सरळ होतात आणि खोलीत श्वासांखेरीज काही हलत नाही. छपरातली पाल ऐकू येते. खाडीकडून नारळाची सोडणं बडवणाऱ्या बायकांच्या लाकडी मोगऱ्या ऐकू येतात. बाहेरच्या देवचाफ्याचं फूल वाळूवर पडलं तर तेही ऐकू येतं, अगदी खरं सांगते आहे, आणि ते पडलं की पोरांच्या ओठांवर हसू येतं, पण आवाज म्हणून होत नाही.

एव्हाना टीचर पडद्याआड, पलीकडच्या अडगळीच्या खोलीत गेलेली असते. तिथून ती एकेकाचं नाव घेते. हळू, नुसत्या श्वासावर. ज्याचं नाव आलं तो चटई करकरू न देता उठतो, चवड्यांवर चालत पडद्याआड जातो. बाकीचे वाट पाहतात. रांगेत पळभर उभं न राहणारी ही कार्टी, आपलं नाव येईल या एका भरवशावर तशीच बसून राहतात. शेवटी एकच पोर उरतं, आख्ख्या खोलीत एकटं, आणि तरीही बसलेलं असतं. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. टीचरच्याही येतो, दर वेळी. सवय व्हायला हवी होती, ती काही झाली नाही.

यसवतीची आई काथ्यावाली. खाडीच्या चिखलात कुजत घातलेली नारळाची सोडणं उपसायची आणि मोगरीने बडवून तंतू मोकळे करायचे, हे तिचं आयुष्य. ओळीने बायका बसलेल्या, ओळीने मोगऱ्या पडणाऱ्या. तिथे बोलायचं तर दोन घावांमधल्या फटीत शब्द घुसवावा लागतो, तोही ओरडून. यसवती त्या आवाजात रांगली, त्या आवाजातच वाढली. तिला हाक मारायची ती "यसे!" अशी, गाव हादरवून. माया करायची तीही ओरडून, कारण दुसरा मार्ग नव्हता. लहानपणी तिला वाटायचं, सगळं जग असंच बोलतं.

शाळा संपल्यावर थोरल्या हामुदुरुवोंनी तिला गालेला धाडलं. तिथे किल्ल्यातल्या एका जुन्या घरात म्हाताऱ्या मिस आल्थिया बालवाडीच्या बायकांना तयार करायच्या. डच वंशातली बाई, पाय सुजलेले, नेहमी फुलाफुलांचा झगा. पहिल्याच दिवशी यसवतीने मागच्या बाकावरून शंका विचारली, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातातली पेन्सिल खाली पडली. वर्ग हसून लोळला. मिस हसल्या नाहीत. त्यांनी शंकेचं उत्तर दिलं आणि दुपारी सगळ्या मुलींना चटयांवर बसवलं.

"आज खेळ," त्या म्हणाल्या. "पोरांना शिकवायच्या आधी तुम्ही खेळा. मी पलीकडे जाते. नाव येईल तिने आवाज न करता यायचं."

साड्या नेसलेल्या मोठ्या मुली, फिदीफिदी हसत बसल्या. हसणं हळूहळू विझलं. एकेक नाव आलं, एकेक मुलगी उठून गेली. मग पडद्याआडून आलं, "यसवती."

ती उठलीच नाही. आपल्याला बोलावलं असेल हे तिच्या ध्यानातच येईना. हे नाव कुणाचं तरी फार लाडकं नाव असावं असं तिला वाटलं. मिसनी पुन्हा म्हटलं, तितकंच हळू, घाई न करता. तेव्हा तिला कळलं की हे आपलं नाव. एवढी वर्षं ते आपल्यापाशी होतं, आणि आजवर कुणी ते इतक्या जवळून घेतलं नव्हतं. ती पडद्याआड पोचली तेव्हा तिचे डोळे वाहत होते.

"काय झालं मुली?" मिसनी विचारलं.

"काही नाही मिस!" यसवती म्हणाली, आपल्या नेहमीच्या आवाजात. "माझं नाव चांगलं आहे!"

किल्ल्यातल्या त्या घराच्या खिडक्या थरथरल्या असं सांगतात. खेळ तिथेच मोडला. पण यसवतीच्या मनात जे बसलं ते बसलं. गावी परतून तिने मॉन्टिसोरी सुरू केली तेव्हा लोकांनी काय कमी टोमणे मारले? सिरिपाल म्हणाला, "टीचर, गप्प बसायला माझ्या पोराला कशाला शिकवता? मोठा झाला की बायको शिकवेल." आयांना अक्षरं हवी होती. टीचरने अक्षरंही शिकवली, पण रोज पाटी उलटी केल्याशिवाय नाही. पोरांना पाण्याने काठोकाठ भरलेली करवंटी हातात देऊन विहारातल्या पिंपळाभोवतीच्या वाळूत चालवलं. चटईवर उताणं निजवून पोटावर कागदाची होडी ठेवली आणि ती लाटेवर वर-खाली होते तशी होताना पाहू दिली. हळूहळू आयाच सांगायला लागल्या की पोरगं जेवताना चक्क ताटाकडे बघतं. मग टोमणे थांबले, म्हणजे तसे थांबले नाहीत, त्यांना धार राहिली नाही.

एक नेम तिने कधी मोडला नाही. शेवटी डोळे मिटून मैत्री भावना करायची. आधी स्वतःचा चेहरा आणायचा, मी सुखी असो. मग अम्माचा चेहरा, माझी अम्मा सुखी असो. मग तात्ता, म्हणजे बाप, मग शेजारी, मग रस्त्यावरची कुत्री, मग सगळेच. आणि कुणाला काय दिसलं हे विचारायचं नाही. "ते त्यांचं त्यांच्यापाशी," असं ती म्हणायची. "आपण डोकवायचं नाही."

सनुली नावाची पोर आली त्या वर्षी मात्र टीचरला पहिल्याच दिवशी प्रश्न आला. डोळे मिटलेलेच, तसंच तिने विचारलं, "टीचर, कुठली अम्मा? घरातली की फोनमधली?"

घरातली म्हणजे तिची आजी पियसीली. फोनमधली म्हणजे कुमुदिनी, जिने तिला जन्म दिला. सनुलीचा बाप हंबनतोटाकडे दुसरा संसार मांडून बसला, आणि कुमुदिनी पोरीचं दूध तोडून कुवेतला घरकामाला गेली. आमच्या गावात अशी दर चार घरांत एक आई आहे, त्यात कुणाला नवल वाटत नाही. सनुली बोलायला लागली तेव्हा जवळ जी होती तिला ती अम्मा म्हणाली. पियसीलीने दुरुस्त केलं नाही. आधी वाटलं, लहान आहे. मग वाटलं, काय बिघडतं. आणि मग ते ऐकल्याशिवाय तिलाच दिवस सुना वाटू लागला.

"जी दिसेल ती," टीचर म्हणाली आणि पुढे सरकली. उत्तर वाईट नव्हतं. ते इतकं महत्त्वाचं ठरेल हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

कुमुदिनी रजेवर आली ती कडक उन्हाळ्यात. दारात व्हॅन थांबली, पेट्या उतरल्या, शेजारपाजार जमला. पियसीलीने नातीला नवा झगा घातला होता, हातात विड्याची पानं दिली होती. सनुली पुढे झाली, गुडघे टेकले, पानं दिली, कपाळ टेकवून पाया पडली. अगदी रीतसर. विहारात कुणी पाहुणे आले की जशी पडते तशी. मग उठून आजीच्या मागे जाऊन उभी राहिली.

कुमुदिनीने हात पसरले होते, ते तसेच राहिले.

पुढचे दिवस तसेच गेले. पोर रडत नव्हती, हट्ट करत नव्हती, पळून जात नव्हती. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती अदबीने वागत होती. कुमुदिनीला बसायला खुर्ची ओढून द्यायची. पाणी आणायची ते पाहुण्यांच्या काचेच्या पेल्यातून, खाली बशी धरून. चॉकलेट घेताना दोन्ही हात पुढे करायची. बाहुली दिली, ती पेटीतून न काढता कपाटावर ठेवली, पाहुण्यांची वस्तू मोडेल म्हणून. आणि हाक मारायची वेळ आली की काहीच म्हणायची नाही. अम्मा हे नाव तर दिलेलं होतं. दुसरं तिच्यापाशी नव्हतं.

एका दुपारी पोरं घरी गेल्यावर कुमुदिनी मॉन्टिसोरीच्या ओट्यावर येऊन बसली. टीचर करवंट्या विसळत होती.

"ये ग, ये! उन्हात काय बसतेस? अंगावर काही चढलंच नाही तुझ्या तिकडे. कुवेतात जेवायला घालतात की नाही?"

"घालतात टीचर." ती फार हळू बोलायची. दुसऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं राहिलं की आवाज असा होतो. "टीचर, एक विचारू? मैत्री भावना करताना डोळे मिटले की तिला कोण दिसतं?"

टीचरच्या हातातली करवंटी थांबली. "मी विचारत नाही कुणाला."

"तुम्हाला माहीत असेलच."

"नाही माहीत." हे खोटं होतं, आणि खोटं बोलताना टीचरचा आवाज आपोआप उतरतो, त्यामुळे कुमुदिनीला ते लगेच कळलं.

"आता तिकडे मॅडमचा धाकटा मुलगा झोपत नसेल," कुमुदिनी म्हणाली. "मी गाणं म्हटल्याशिवाय तो झोपत नाही. मला नानी म्हणतो, आयाला तिकडे तसंच म्हणतात. रोज फोन येतो, नानीला बोलवा म्हणून. एजंट विचारतोय, परत जायचं का. या आठवड्यात सांगायचं आहे. मी ठरवून आले होते टीचर, की आता राहायचं. टाकी बांधून झाली, छप्पर झालं, मशीन घेऊन शिवणकाम करीन. पण कुणासाठी राहू? माझ्या घरात मी पाहुणी आहे. तिकडे निदान एक पोर माझ्यासाठी रडतं."

"आणि तुझी?"

"तिला माझी गरज नाही हो. एकदा, एकदाच तिने आपण होऊन मला बोलवावं, म्हणजे राहीन. नाहीतर हो म्हणून टाकते."

यसवती टीचरने मग जे केलं ते चुकीचं केलं, आणि ते सांगायलाच हवं. मदत करायची म्हटली की तिचे हात शिवशिवतात. दुसऱ्या सकाळी तिने कुमुदिनीला ओट्यावर बसवलं, आत मैत्री भावना सुरू केली, आणि अम्माच्या जागी आली तेव्हा शब्द बदलला. "आता लांबून विमानातून आलेल्या अम्माचा चेहरा आणा."

सगळ्या पोरांनी गोंधळून डोळे उघडले. कुणाची अम्मा विमानातून आली? सनुलीने मात्र मिटलेलेच ठेवले. बराच वेळ प्रयत्न केला. भुवया आक्रसल्या. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "टीचर, त्या दिसत नाहीत."

'त्या' म्हणाली. ओट्यावरून उठून जाण्याचा आवाज आला आणि फाटक करकरलं.

दुपारी पियसीली तावातावाने आली. "काय चालवलंय टीचर तुम्ही? रडून रडून अर्धी झाली ती. आई म्हणजे काय विमानातून आलेली पेटी आहे, उघडली आणि निघाली बाहेर?"

"चुकलं माझं, पियसीली अक्का."

टीचरने इतक्या हळू आणि इतक्या लवकर माफी मागितलेली पियसीलीने कधी ऐकली नव्हती. तिचा सगळा जोर गेला. ती पायरीवर बसली आणि गुडघे दाबायला लागली. "मला काय कळत नाही होय? पोरगी माझीच आहे ती पण. कुमुदिनी लहान होती तेव्हा मी तिला कडेवर घेऊन सोडणं बडवायची. आता तिच्या पोरीने मला अम्मा म्हटलं की माझ्या पोटात थंड होतं, आणि तिचं तोंड पाहिलं की तुटतं. मी काय करू, सांगा. त्या शब्दाचे दोन तुकडे करता येतात का?"

टीचरने त्या दिवशी फक्त एवढंच ठरवलं की आपण आता बोलायचं नाही. इतकी वर्षं पोरांना जे सांगत आलो ते आपणच करायचं, बसून राहायचं. पियसीली निघाली तेव्हा ती म्हणाली, "उद्या कुमुदिनीला पाठवा. मी काही करणार नाही. नावं तेवढी घेऊ दे तिला."

कुमुदिनी आली ती यायचं म्हणून. तिने बहुधा एजंटला हो म्हणायचं ठरवलेलं होतं, तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. टीचरने तिला मागच्या दाराने अडगळीच्या खोलीत नेलं आणि स्टूल दिलं. "पोरांची नावं तुला माहीतच आहेत. एकेक घे. घाई नको. बस्स."

"माझा आवाज पोचेल का टीचर?"

"तुझाच पोचेल. माझा गेली तीस वर्षं मी दाबून दाबून घेते आहे."

पेज झाली, गोंधळ झाला, पाटी उलटली. पोरं बसली. टीचर या वेळी पडद्याआड गेली नाही, भिंतीला टेकून चटईवर बसली, तरी कुणी विचारलं नाही की मग पलीकडे कोण. शांततेत शिरलेलं पोर प्रश्न विचारत नाही.

"दिनेथ," पडद्याआडून आलं.

कुजबुजीत सगळ्यांचे आवाज सारखे असतात. दिनेथ उठला, गेला. पडद्याआड त्याला टीचरऐवजी सनुलीच्या घरची पाहुणी दिसली असणार, तरी त्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. मग ओशदी. मग थिसर. एकेकजण उठून जात होता आणि पडदा हलून पुन्हा स्थिर होत होता. परक्या घरात दुसऱ्याचं पोर निजवायची ज्या आवाजाला सवय लागली होती, तो आवाज आज प्रत्येक नावाला असं जपून खाली ठेवत होता की टीचरला भिंतीला टेकल्या टेकल्या भरून आलं. खोली रिकामी होत गेली. सनुली बसली होती, मांडीवर हात, पाठ ताठ.

शेवटी ती एकटी उरली.

आणि नाव येईना.

टीचर पडद्याकडे पाहत राहिली. पडद्याच्या खालून कुमुदिनीची पावलं दिसत होती, एकमेकांवर घट्ट दाबलेली. बोलवावं आणि पोरीने अदबीने यावं, हात जोडावेत आणि पाहुणीसमोर बसावं, हे आणखी एकदा सोसायचं बळ तिच्यात नसावं. खाडीकडून मोगऱ्यांचा आवाज येत होता. टीचरच्या जिभेवर ते नाव नुसतं वळवळत होतं. एक शब्द तिने म्हटला असता तर खेळ सुटला असता. तिने ओठ दातांत धरले आणि जन्मात बसली नसेल इतकी गप्प बसली.

सनुली वाट पाहत होती. चार वर्षांची पोर. बाकी सगळ्यांना बोलावणं आलं, आपल्याला नाही, आणि तरी ती रडली नाही, उठली नाही, मागे वळून टीचरकडे पाहिलंही नाही. तिची छाती वर-खाली होत होती तेवढीच. तिने डोळे मिटले, मग उघडले. तिची नजर पडद्याखालच्या त्या पावलांवर गेली आणि तिथे थांबली; ती पावलं तिने घरी रोज पाहिलेली होती. आपल्यासारखंच पलीकडेही कुणीतरी उरलं आहे, ज्याला कुणी बोलावलं नाही, हे त्या एवढ्याशा डोक्यात कसं आलं कोण जाणे. टीचर आजही सांगते की एवढं मोठं काही तिने विहारात पाहिलं नाही, यात्रेत पाहिलं नाही, कुठेच पाहिलं नाही.

सनुली पुढे झुकली आणि नुसत्या श्वासावर म्हणाली, "कुमुदिनी."

पडदा हलला नाही.

तिने पुन्हा म्हटलं. तितकंच हळू. घाई न करता. "कुमुदिनी."

कुमुदिनी बाहेर आली. चप्पल नव्हती, तरी ती चवड्यांवर चालत होती. एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. चटईच्या कडेपर्यंत आली आणि तिथे तिचा बांध फुटला, मोठा हुंदका आला.

सनुलीने तिच्याकडे पाहिलं. चेहरा एकदम कडक झाला. दिनेथने आवाज केला तर ती त्याच्याकडे पाहते तसा. "आवाज झाला," ती कुजबुजली. "परत जायचं. मी पुन्हा बोलावते."

आणि कुमुदिनी, कुवेत पाहून आलेली, छप्पर बांधलेली बाई, ओढणी तोंडात कोंबून मागे फिरली, पडद्याआड गेली आणि बोलावण्याची वाट पाहत उभी राहिली. ते आलं. या वेळी ती आली तेव्हा वाळूवरच्या पावलाएवढाही आवाज झाला नाही. सनुलीने सरकून चटई अर्धी रिकामी केली. कुमुदिनी बसली. मग सनुली थोडा वेळ विचारात पडली आणि तिने पाहुणीच्या मांडीवर हात ठेवला, आपला हात आपल्या मांडीवर ठेवतात तसा, सहज.

पडद्याआडून बाकीची सगळी डोकी एकावर एक रचलेली दिसत होती. एकानेही तोंड उघडलं नाही. यसवती टीचर भिंतीला टेकून रडत होती, तीही बिनआवाज.

कुमुदिनीने एजंटला नाही सांगितलं. एजंट चिडला, गावातल्या चार जणांनी तिला वेड्यात काढलं, मॅडमच्या मुलाचा फोन आणखी काही दिवस येत राहिला. ते तसं सोपं काही नव्हतं. शिलाई मशीन पियसीलीच्या ओसरीवर आलं, तिथे ती शाळेचे पांढरे गणवेश शिवते.

सनुलीने मात्र तिला अजून अम्मा म्हटलेलं नाही. तो शब्द पियसीलीचा आहे, तो तिने काढून घेतला नाही. मॉन्टिसोरी सुटली की फाटकात उभी राहून ती हाक ठोकते, "कुमुदिनी!" तेही असलं ओरडून की पल्याडचा सिरिपाल कपाळाला हात लावतो, टीचरची पोर शोभते म्हणून. रस्त्यावरच्या बायका आधी तोंडात बोटं घालायच्या. जन्मदात्रीला नावाने हाक मारते, कोण रीत ही! एकदा त्यांनी टीचरला गाठलं, "तुम्ही तरी सांगा हो तिला, टीचर."

टीचरने सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ओसरीवरचं मशीन थांबलं, आणि हातातलं शिवण तसंच टाकून कुमुदिनी रस्त्याने धावत येताना दिसली.